चिनी कुंचल्याचा कित्ता

इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या आरंभीं चीन देशांतील एका विधवा स्त्रीनें लव्हाळ्याची काडी हातांत घेतली आणि जमिनीवर रेघा ओढून ती आपल्या लहान मुलाला अक्षरें शिकवूं लागली. मुलगा चार वर्षांचा असतांनाच त्याचे वडील वारले होते. कुंचला, शाई आणि कागद विकत घेण्याचें घराला सामर्थ्य नव्हतें. ह्या मुलाचें नांव ओउ-यांग श्यू (१००७–१०७२). पुढें तो सुंग राजवटींतील थोर मुत्सद्दी, इतिहासकार आणि निबंधकार म्हणून प्रसिद्धीस आला आणि त्याच्या आईची ती काडी चिनी घराघरांत दृष्टांतरूपानें सांगितली जाऊं लागली.

धुळाक्षरांवर वाढलेल्या महाराष्ट्रीय पिढ्यांना ही कथा परकी वाटणार नाहीं. परंतु आपल्याकडे धूळपाटीवरून मूल उठलें आणि त्याला वाचतां येऊं लागलें कीं अर्धें काम झालें; अक्षर वळणदार असलें तर तें भूषण. चीनमध्यें मात्र माणसाची विद्या, त्याचा स्वभाव, इतकेंच काय पण त्याची चाकरीसुद्धां त्याच्या हस्ताक्षरावरून ठरविली जाई. अशा ठिकाणीं नवशिक्यानें आरंभ कोठून करावा, हा प्रश्न साहजिकच गंभीर होतो. चिनी गुरूंनीं ह्या प्रश्नाला शतकानुशतकें एकच उत्तर दिलें: आधीं दुसऱ्याचें अक्षर गिरव. ह्या गिरवण्यानें किती हात घडले आणि किती हात मारले गेले, ह्याचा हिशेब मोठा मनोरंजक आहे.

ह्या हिशेबाचा आरंभ सहाव्या शतकांत, लिआंग वंशाच्या वू सम्राटाच्या दरबारीं होतो. राजपुत्रांना अक्षर शिकविण्यासाठीं सम्राटाला उत्तम नमुने हवे होते. आणि उत्तम नमुना म्हणजे चौथ्या शतकांतील वांग शी-ची ह्याचें अक्षर, ह्याविषयीं तेव्हांहि फारसा मतभेद नव्हता. त्याच्या लेखांतून एकदांहि पुनरावृत्ति न होणारीं अशीं एक हजार अक्षरें वेचण्यांत आलीं. तीं सुटीं अक्षरें चौ शिंग-सू नांवाच्या विद्वानाच्या स्वाधीन करून त्यांचें अर्थपूर्ण काव्य जुळविण्याची आज्ञा झाली. त्यानें चार चार अक्षरांच्या २५० ओळी रचल्या. हें काम त्यानें एका रात्रींत केलें आणि सकाळीं त्याचे केस पांढरे झालेले दिसले, अशी आख्यायिका आहे. केसांचें कांहींहि असो. हा ‘सहस्राक्षरी ग्रंथ’ तेव्हांपासून विसाव्या शतकापर्यंत चिनी मुलांच्या हातीं राहिला.

ह्याच ग्रंथाचा ध्यास घेतलेला एक बौद्ध भिक्षु पुढें होऊन गेला. त्याचें नांव ची-युंग. तो वांग शी-चीचा सातव्या पिढींतील वंशज होता. मठाच्या माडीवर राहून त्यानें तीस वर्षें हीं एक हजार अक्षरें लिहिलीं. एक ओळ सरळ वळणाची, तिच्या शेजारीं तीच ओळ शीघ्र वळणाची, अशा जोडीनें त्यानें ८०० प्रती तयार केल्या आणि पूर्वेकडील निरनिराळ्या मठांना वांटून टाकल्या. हिशेब केला तर हीं सोळा लक्ष अक्षरें होतात. म्हणजे दररोज सुमारें दीडशें. आंकडा ऐकून कोणी म्हणेल, ह्यांत विशेष तें काय? परंतु दीडशें अक्षरें लिहिणें निराळें, आणि आजचें दीडशेंवें अक्षर कालच्यापेक्षां वांग शी-चीच्या अधिक जवळ गेलें कीं नाहीं ह्याची झडती तीस वर्षें रोज घेणें निराळें. त्याच्या झिजलेल्या कुंचल्यांनीं मोठमोठ्या टोपल्या भरल्या. शेवटीं त्यानें त्या कुंचल्यांना खड्ड्यांत पुरून त्यांची समाधि बांधली. अक्षर मागावयास येणाऱ्या लोकांच्या पायांनीं मठाचा उंबरठा झिजला, तेव्हां तो लोखंडानें मढवावा लागला, असेंहि सांगतात. त्याच्या लेखनावरून ११०९ मध्यें कोरलेला एक शिलालेख शीआन येथें अद्यापि आहे.

आतां येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. ज्या वांग शी-चीला सर्वांनीं गिरविलें, त्याच्या स्वतःच्या हातचें निर्विवाद असें एकहि अक्षर आज जगांत उरलेलें नाहीं. त्याची सर्वश्रेष्ठ कृति म्हणजे इ. स. ३५३ च्या वसंतांत ‘ऑर्किड मंडपां’त मित्रांच्या मेळाव्यांत लिहिलेली प्रस्तावना. ओळी २८, अक्षरें ३२४. त्यांत एकच लहानसें षष्ठीदर्शक अक्षर सुमारें वीस वेळां आलें असून प्रत्येक वेळीं त्याचें रूप निराळें आहे. परंपरा सांगते कीं, तांग वंशाच्या ताय-त्सुंग सम्राटानें ती प्रत ची-युंगच्या शिष्यापासून आपल्या अधिकाऱ्याकरवीं कपटानें मिळविली आणि इ. स. ६४९ मध्यें तो निवर्तला तेव्हां ती त्याच्या इच्छेप्रमाणें त्याच्याबरोबर थडग्यांत गेली. एवढ्या विद्याव्यासंगी राजानें एवढी अप्पलपोटी इच्छा धरावी, ह्याचें वैषम्य वाटतें.

तरीपण ही कृति नष्ट झाली नाहीं. कारण सम्राटानें ती पुरण्यापूर्वीं नकलनविसांच्या स्वाधीन केली होती. त्या काळीं नक्कल करण्याची रीति अशी होती. कागदाला मेण देऊन तो पारदर्शक करीत; तो मुळावर ठेवून प्रत्येक रेघेची केसासारखी बारीक बाह्यरेषा दोन्ही बाजूंनीं काढीत; आणि मग आंतील पोकळी शाईनें भरीत. फंग चेंग-सू ह्याच्या नांवावर मोडणारी अशी एक प्रत पेकिंगच्या राजवाड्याच्या संग्रहालयांत आहे. तिच्यांत खोडलेलीं, सुधारलेलीं अक्षरें तशींच उतरविलीं आहेत. मूळ लेखकाच्या कुंचल्याचे केस जेथें दुभंगले तेथें ते दुभंगलेले दाखविले आहेत. आज वांग शी-चीविषयीं जें कांहीं बोललें जातें तें अशा नकलांवरून बोललें जातें. एका सम्राटानें मूळ प्रत मातींत नेली, आणि कारकुनांनीं ती जगविली.

नकलांना पाय फुटले ते दगडामुळें. अक्षर दगडावर किंवा लांकडावर कोरावयाचें, त्यावर ओलसर कागद बसवून तो खांचांत दाबावयाचा, आणि वरून शाईच्या गादीनें हलके ठोकावयाचें. काळ्या भूमीवर पांढरीं अक्षरें उमटतात. इ. स. ९९२ मध्यें सुंग सम्राटाच्या आज्ञेनें अशा ठशांचे दहा भाग निघाले. त्यांपैकीं निम्मे वांग शी-ची आणि त्याचा मुलगा ह्यांच्याच अक्षरांचे होते. खेड्यांतील विद्यार्थ्याला सम्राटाच्या खजिन्यांतील अक्षर पाहावयास मिळूं लागलें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु दगड झिजतो. ठशावरून ठसा घेतां घेतां रेघेची धार बोथट होते, आणि विद्यार्थी त्या बोथटपणाचीच निष्ठेनें नक्कल करूं लागतात! मी फू (१०५१–११०७) ह्या चिकित्सक कलावंतानें हा धोका ओळखून, दगडावरून शिकूं नये, शाईचें मूळ पाहावें, असें बजाविलें. तो स्वतः मात्र लोकांकडून मूळ उसनें आणी, त्याची हुबेहूब नक्कल करी, आणि नक्कल परत देऊन मूळ ठेवून घेई, अशी त्याची ख्याति होती. एकदां बैलाच्या चित्राबाबत तो पकडला गेला म्हणतात. मूळ चित्रांतील बैलाच्या डोळ्यांत गुराख्याचें प्रतिबिंब होतें, तें नकलेंत राहून गेलें होतें.

हें झालें मोठ्या लोकांचें. सामान्य घरांतील मुलाचा आरंभ याहून साधा असे. त्याच्या पुढ्यांत तांबड्या शाईनें छापलेल्या अक्षरांचा कागद येई, आणि त्या तांबड्या रेघा त्यानें काळ्या शाईनें झांकून काढावयाच्या असत. हीं पहिलीं अक्षरें थोडक्या रेघांचीं, मुद्दाम निवडलेलीं. ‘शांग ता रन’ ह्या तीन शब्दांनीं त्यांचा आरंभ होई. मध्य आशियाच्या वाटेवरील तुन-ह्वांगच्या गुहांत हजार वर्षांपूर्वींचे कागद सांपडले, त्यांतहि कोणा मुलानें लिहिलेले हे शब्द आढळले. पुढची पायरी म्हणजे नमुना पातळ कागदाखालीं ठेवून वरून काढणें. त्यानंतर नमुना बाजूला ठेवून चौकटींच्या आधारानें लिहिणें. आणि शेवटीं नमुना मिटून तो स्मृतींतून लिहिणें. चांगल्या उतरलेल्या अक्षराशेजारीं गुरुजी तांबडें वर्तुळ करीत. तें वर्तुळ मिळण्याचा आनंद कोणत्याहि देशांतल्या विद्यार्थ्याला समजण्याजोगा आहे.

साहित्य चार वस्तूंचें: कुंचला, शाईची कांडी, शाई उगाळण्याचा दगड आणि कागद. काजळी व सरस ह्यांची ही कांडी दगडावर थोडेसें पाणी घेऊन चंदनाप्रमाणें उगाळावयाची. घाई केली तर शाईला फेस येतो आणि ती खरबरीत होते. म्हणून लिहिण्याआधींच मुलाच्या हाताला संथपणा लागे. कुंचला बकरीच्या, सशाच्या किंवा मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या केसांचा असतो. आपला बोरू कठीण. त्याचा काप ज्या अंगाचा, त्या अंगाची जाडी अक्षराला येते. कुंचल्याचें तसें नाहीं. त्याला आकार असा नसतोच. हाताचा दाब, वेग आणि मनाची धांदल ह्यांचाच तो आकार घेतो. तो सरळ उभा धरावा लागतो. आडवी रेघ उजवीकडे न्यावयाची असली तरी आधीं टोंक किंचित् डावीकडे दाबावें लागतें आणि मग फिरून मार्गाला लागावें लागतें, म्हणजे टोंक रेघेच्या पोटांत लपून राहतें. शेवटीं पुन्हां थांबून मागें वळावें लागतें. एका साध्या आडव्या रेघेंत असे तीन व्यापार! ‘चिरंतन’ ह्या अर्थाच्या एका चिनी अक्षरांत ठिपका, आडवी, उभी, आंकडा, तिरका झेला इत्यादि मुख्य आठहि रेघा आल्या आहेत. म्हणून पुष्कळ गुरु नवशिक्याला कित्येक दिवस तेवढें एकच अक्षर लिहावयास लावीत.

चांगला कागद पाणी चटकन् शोषून घेतो. कुंचला क्षणभर घुटमळला तर तेथें डाग पसरतो. रेघ चुकली म्हणून वरून पुन्हां फिरवावी तर ती दुरुस्ती लपत नाहीं. हा महाग कागद नवशिक्याच्या वांट्यास अर्थातच येत नसे. तो बांबूच्या स्वस्त कागदाच्या दोन्ही बाजू भरी. तोहि परवडत नसला तर विटेवर पाण्यानें लिही. आठव्या शतकांतील ह्वाय-सू नांवाच्या गरीब भिक्षूनें तर केळी लावून त्यांच्या पानांवर सराव केला.

कुंचला किती घट्ट धरावा, ह्यावरहि वाद झाले आहेत. वांग शी-चीचा मुलगा लहानपणीं लिहीत बसला असतांना बापानें मागून हळूच येऊन त्याचा कुंचला ओढला, पण तो सुटला नाहीं. तेव्हां हा मुलगा नांव काढील असें भविष्य बापानें वर्तविलें. ही गोष्ट राजकीय इतिहासग्रंथांत नमूद आहे आणि हजारों गुरुजींनीं तिच्या आधारें मुलांच्या हातांतील कुंचले ओढून पाहिले असतील. सुंग काळांतील कवि सू शी मात्र तिची थट्टा करतो. घट्ट मुठीनेंच अक्षर साधत असतें तर सर्व बळकट माणसें उत्तम लेखक झालीं असतीं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ह्या वादांत सू शीची बाजू खरी वाटते.

परंतु शाळांतून सू शीचें ऐकलें गेलें नाहीं, कारण शाळांच्या डोक्यावर सरकारी परीक्षा बसलेल्या होत्या. चिंग राजवटींत परीक्षेच्या कागदावर काळें, चौकोनी, एकसारखें आणि निर्दोष अक्षर लागे. त्यास दरबारी वळण म्हणत. ज्ञान असूनहि हें वळण नसलें तर काय होई, ह्याचें उदाहरण कुंग त्झू-चेन (१७९२–१८४१) हा विद्वान होय. १८२९ मध्यें तो सर्वोच्च परीक्षा उतरला. पण अक्षर बेताचें म्हणून हानलिन् ह्या विद्वत्परिषदेचा दरवाजा त्याला बंद राहिला. तें शल्य त्याच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. त्यानें ह्या अक्षरपूजेवर कडवट उपहासाचें लेखन केलें; आणि हानलिन्‌मधील कोणा मनुष्याची कोणी स्तुति केली कीं, ‘आमच्या घरच्या बायकासुद्धां दरबारी वळणाचें अक्षर काढतात,’ अशा अर्थाचें तो बोले, अशी आठवण सांगतात. येथें गिरवण्याचें दुसरें तोंड दिसतें. वांग शी-चीच्या एकाच अक्षराचीं वीस रूपें जिनें जपलीं, तीच पद्धति आतां वीस हजार उमेदवारांकडून एकच रूप मागूं लागली होती.

१९०५ मध्यें ह्या परीक्षा बंद झाल्या. पण त्यांनीं मोडलेलीं माणसें मागें राहिलीं. लू शुन ह्यानें १९१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कथेचा नायक खुंग यी-ची हा अशांपैकींच. त्याचें हें टोपणनांवच मुळीं तांबड्या कित्त्यांतील अक्षरांवरून पडलेलें आहे. त्याचें अक्षर चांगलें, एकच अक्षर चार तऱ्हांनीं लिहितां येतें हें त्याला ठाऊक. आणि पोटासाठीं तो लोकांचीं पुस्तकें उतरवून देतो, व प्रसंगीं तींच पळवितो.

चित्रकलेचें शिक्षण ह्याच कुंचल्यानें, ह्याच शाईनें आणि ह्याच रीतीनें चाले. इ. स. ५०० च्या सुमारास शिए ह ह्यानें चित्राचे सहा नियम सांगितले, त्यांतील सहावा नियम जुन्या कृतींच्या नकलेनें परंपरा चालविण्याविषयींच आहे. चाव मंग-फू (१२५४–१३२२) ह्या चित्रकारानें तर खडक, झाडें आणि बांबू ह्यांना लेखनांतीलच निरनिराळीं वळणें लागतात, असें आपल्या एका चित्रावर लिहून ठेविलें. बांबू काढूं लागलें कीं त्याचें म्हणणें पटतें: प्रत्येक पेर म्हणजे दाबून, सरकवून, थांबवून उचललेली एक रेघ, प्रत्येक पान म्हणजे एकच दाब आणि एकच सुटका. ज्याचा हात अक्षरावर बसला, त्याला बांबू अर्धा येत असतोच.

तरी गुरूशिवाय चित्र शिकणें फार कठीण होतें. ती अडचण १६७९ मध्यें नानकिंग येथें पुष्कळ अंशीं दूर झाली. ‘मोहरीच्या दाण्याएवढा बाग’ अशा गंमतीच्या नांवाच्या, ली यू ह्या नाटककाराशीं निगडित असलेल्या छापखान्यानें चित्रविद्येचा एक सचित्र ग्रंथ काढला. तो वांग काय ह्यानें एका जुन्या चित्रकाराच्या शिकवणीच्या चित्रांवरून रचला होता आणि त्याला ली यूची प्रस्तावना होती. झाडाची पहिली फांदी कशी, दुसरी कोठें. पानें ठिपक्यांनीं किती प्रकारें दाखवितां येतात. खडकाला सुरकुत्या कशा द्याव्या, हें सर्व त्यांत सुटें सुटें करून दाखविलें होतें. पुढील भाग १७०१ मध्यें निघाले. त्यांत ऑर्किड, बांबू, आलुबुखाराचा मोहोर आणि शेवंती हे विषय आले. ज्याला गुरूच्या ओसरीवर जागा नव्हती अशा माणसाच्या घरांत गुरु आतां पुस्तकरूपानें जाऊं शकत होता.

तो दोनशें वर्षांनीं एका सुताराच्या घरांत गेला. हूनान प्रांतांत १८६४ मध्यें एका गरीब शेतकरी कुटुंबांत छी पाय-शीचा जन्म झाला. त्याच्या आजोबांना सारीं तीनशेंच्या आसपास अक्षरें येत. थंडीच्या दिवसांत नातवाला आपल्या जुन्या कातडी अंगरख्यांत गुंडाळून ते शेकोटीपाशीं बसत आणि चिमट्यानें राखेंत अक्षरें काढून दाखवीत. पहिलें अक्षर नातवाच्याच नांवांतलें होतें. कांहीं वर्षांत तीं तीनशें संपलीं, आणि आतां पुढें काय, ही चिंता म्हाताऱ्याला पडली. मुलाच्या आईचे वडील गांवांत शाळा चालवीत. तेथें तो १८७० मध्यें जाऊं लागला. वह्या-कागदासाठीं आईनें, मळणी झालेल्या पेंढ्यांतून पुन्हां बडवून काढलेलें व दागिन्यासाठीं सांठविलेलें धान्य खर्चीं घातलें. मुलानें त्या कित्त्याच्या कागदांवर चित्रें काढलीं आणि बोलणीं खाल्लीं. वर्ष पुरें होण्यापूर्वींच पीक बुडालें, शाळा सुटली. मुलगा गुरें राखूं लागला आणि पुढें कोरीव काम करणाऱ्या सुताराकडे उमेदवारीस लागला.

१८८२ मध्यें एका गिऱ्हाइकाच्या घरीं काम करीत असतां त्याच्या दृष्टीस ‘मोहरीच्या बागे’ची एक जुनी, अपुरी प्रत पडली. ती त्यानें उसनी मागून आणली. दिवसा रंधा आणि पटाशी. रात्रीं राळेच्या लांकडाच्या उजेडांत पातळ कागद पानावर ठेवून एकेक चित्र उतरवावयाचें. हें सहा महिने चाललें. त्याचीं सोळा पुस्तकें भरलीं. तीं संपल्यावर आपण आजपर्यंत काढलेल्या माणसांचीं डोकीं मोठीं किंवा पाय लांब होत असत, हें त्याचें त्यालाच कळलें. चूक दाखविणारा गुरु समोर नव्हता. पण सहा महिन्यांच्या नकलेनें डोळा तयार झाला होता. त्याच्या कोरीव कामांत नवे नमुने दिसूं लागले आणि लोक त्याच्याकडे चित्रें मागूं लागले. १८८९ मध्यें त्याला चित्राचे आणि काव्याचे गुरु मिळाले, तेव्हां तो बायकामुलांचा धनी झालेला होता.

पन्नाशी उलटल्यावर तो पेकिंगला राहावयास गेला. तेथें त्याच्या जुन्या वळणाच्या चित्रांना फारसें कोणी विचारीना. चित्रकार मित्र चेन शि-त्सेंग ह्यानें त्याला, दुसऱ्याच्या वाटेनें जाणें सोडून दे, असा सल्ला दिला. आणि ह्या माणसानें त्या वयांत आपला हात मोडून नवा करावयास घेतला. त्याला सुमारें दहा वर्षें लागलीं. चाळीस वर्षें गिरवलेलें टाकून देणें म्हणजे काय, हें ज्यानें एकच वळण जन्मभर जपलें असेल त्यालाच कळेल. तो कोळंबी काढी, तीहि आरंभीं जुन्या चित्रकारांप्रमाणेंच होती. पुढें त्यानें मेजावर पाण्याच्या भांड्यांत जिवंत कोळंबी ठेवल्या आणि त्या कशा वळतात, कशा उडी घेतात, हें तो न्याहाळीत बसे. अंग पारदर्शक दिसावें म्हणून एका पुसट रेघेवर दुसरी गडद रेघ किती ओली असतांना टाकावी, ह्याचे प्रयोग तो वर्षानुवर्षें करीत राहिला. चित्रांतील कोळंबीचे पाय त्यानें एकेक करून कमी केले. आधीं दहा, मग आठ, मग सहा. शेवटीं पांचच ठेवले, तेव्हां त्याची सत्तरी केव्हांच उलटून गेली होती.